चिंच जागेवरच होती

मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या सुमारास मी बुऱ्हाणपुरात कारकून होतो. लोधीपुऱ्यातून स्टेशनाजवळच्या कचेरीत रोज एकाच टांग्याने जायचो. वैशाखात तो टांगेवाला लोटाभर पाणी पाजल्याशिवाय कुणाला चढू देत नसे. "पहिले पाणी प्या बाबूजी, मंग बसा." मला उशीर व्हायचा, मी चिडायचो. तो तोवर घोडीच्या कपाळावरचं फडकं ओलं करायचा.

एका संध्याकाळी परतताना वादळ उठलं, विजा कडाडू लागल्या. मी उतरून रस्त्याकडेच्या चिंचेखाली धावलो. त्याने घोडी सोडली, मला दंडाला धरून ओढलं आणि केळीच्या बागेलगत खोलगट जागेत उकिडवं बसवलं. माझं नवं धोतर चिखलात गेलं. मी कुरकुरलो.

"धोतर धुता येते, बाबूजी," म्हणत त्याने स्वतःचं पागोटं सोडून घोडीच्या डोळ्यांवर बांधलं.

दुसऱ्या दिवशी चिंच धडधाकट उभी होती. मी त्याला ती मुद्दाम दाखवली.

"बरं झालं," तो म्हणाला, "तिच्या सावलीत राणी उभी राहते दुपारची."

राणी म्हणजे घोडी. तिचं नाव अजून लक्षात आहे. त्याचं मी कधी विचारलंच नाही.