सरकारला आमचं गाणं कशाला?

ब्लॉक ऑफिसात दोन वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. फायली मी केव्हाच विसरलो. पण मंठ्याजवळच्या एका गावानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर विसरणं शक्य नाही!

निजामी जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी समाजशिक्षण संघटक, गावकऱ्यांच्या तोंडी 'मास्तर', नोकरी हंगामी. साहेबांनी बजावलं होतं, गावात कलामहोत्सव करा, पण तो गावानं ठरवलेला पाहिजे. जमलं तर नोकरी कायम, नाही जमलं तर घरी. आणि घरी आई अन् दोन बहिणी माझ्याच पगारावर.

*

पहिल्या दिवशी वही उघडून कलाकारांची नावं विचारली. तीच चूक झाली. सरकारनं नावं लिहून घेतली की मागून धान्याची लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली येते, हे गाव शिकून बसलं होतं. गावचे म्होरके ग्यानबाकाका म्हणाले, इथं कोणालाच गाता येत नाही.

तेवढ्यात मारुतीच्या देवळातून मृदंग आणि भजन ऐकू आलं. मी नुसतं तिकडे बोट दाखवलं.

"ते देवाचं काम हाय," काका म्हणाले. "नाव लिहायचं तर देवाचं लिहा."

*

मग चावडीवर सूचनापेटी ठेवली. कोणता कार्यक्रम हवा ते चिठ्ठीवर लिहून टाका, नाव घालू नका, असं दवंडी देऊन सांगितलं.

आठवड्यानं पेटी उघडली. चौदा चिठ्ठ्या! मी हरखलो. चौदाही चिठ्ठ्यांवर एकच ओळ होती: 'आमची काही तक्रार नाही.' अक्षरही एकच, काकांचं.

*

मंचासाठी देवळापुढची जागा टेपनं मोजली. दुसऱ्या दिवशी तिथं काकांची बैलगाडी, कडब्याची गंजी आणि चार शेळ्या बांधलेल्या. काल तर मोकळी होती, मी म्हटलं.

"मोकळी दिसली की सरकारची होते," काका म्हणाले.

*

सखूबाई जात्यावर ओव्या फार गोड म्हणतात, असं कळलं. त्यांना विनवलं, तर जात्यावाचून ओवी सुचतच नाही म्हणाल्या. जातं नेऊ, मी म्हटलं. यावर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. पुढे महोत्सवाच्या दिवशी जातं गाडीत चढलं आणि सखूबाई त्यावर हात ठेवून देवळापर्यंत चालत आल्या. माझा भरवसा काय!

*

शेवटी सभा बोलावली. तुम्ही म्हणाल ते शब्दाला शब्द लिहीन, असं वचन दिलं. मग काका बोलले, "मंचावर जो चढंल त्यानं कायतरी करून दाखवावं. नुसतं बसाया कोणी चढू न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गावानं पहिल्यांदा काही ठरवलं होतं, मी आनंदानं लिहून घेतलं. सायकलवरून परतताना अर्ध्या वाटेत एकदम आठवलं, मंचावर खुर्ची साहेबांची!

*

साहेबांना सांगायचा धीर झाला नाही. महोत्सवाच्या दिवशी गंजी-शेळ्यांना खेटून उभारलेल्या मंचावर ते ऐटीत खुर्चीवर बसले. शेजारी सखूबाई जातं मांडून बसल्या. त्या सुरू करणार, इतक्यात काका गर्दीतून उठले.

"मास्तर, आधी ठराव वाचा. लिहिलाय का बराबर, ते बघून राह्यलो आम्ही."

वाचावा तर नोकरी जाते, न वाचावा तर गाव जातं. मी वाचला.

साहेबांनी विचारलं, "हे यांनी ठरवलं?"

मी हो म्हणालो. सखूबाईंनी वर न बघता जात्यात मूठभर जोंधळे टाकले आणि खुंटा साहेबांकडे फिरवला.

साहेबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, खाली मांडी घातली आणि खुंटा धरला. जातं फिरलं, ओवी सुरू झाली. इतक्या दिवसांत त्या गावाला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. घाम पुसत साहेब मला म्हणाले, "उद्या ऑफिसात या, कायमचा हुकूम घेऊन जा." माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात काकांनी बाही धरून मला बाजूला ओढलं.

"मास्तर, एवढा मोठा साहेब दळाया बसला. म्हंजे काम लईच मोठं दिसतंय. आता तरी खरं सांगा, काय पाह्यजे तुमाला आमच्याकून?"