पट्ट्यांची खुर्ची

उदगीरहून शिवराजचा फोन आला तेव्हा मी मुखेडला लेकीच्या घरी शेंगा सोलत बसले होते. "मावशी, आई आत्ताच गेली. या..." एवढंच बोलला. शिवराज म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, महानंदाचा, एकुलता एक मुलगा. मिळेल ती एसटी धरली. वाटेत रडू आलं नाही, राग मात्र येत राहिला, आणि तो या शिवराजचाच.

मी उदगीरला शाळेत शिकवायचे तेव्हा आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. महानंदाचा नवरा आडतीवर मुनीम. दोन खोल्या भाड्याच्या, त्यात एक लोखंडी खाट. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. या बाईनं तेही आणून दाखवलं. दाळ मिलवाल्यांनी टाकलेले चाळणीचे पत्रे ती उचलून आणायची, कडा ठोकून गोल वाकवायची आणि आत बल्ब सोडायची. दिवेलागणीला भिंतभर उजेडाचे ठिपके पडत, ते बघायला गल्लीतल्या बायका येत. बारदान्याची पोती सोड्यात उकळून, हळदीत रंगवून तिनं पडदे केले. त्यांना महिनाभर डाळीचा वास येत होता, हे मी तिला तोंडावर सांगितलं. "मग काय झालं मास्तरीणबाई? वासावर दोन घास जास्तीचे जेवा की!" मात्र टाका जरा तिरका गेला की सगळं उसवायची. "फुकटचं हाय म्हणून वाकडं चालंल का?"

पुढं शिवराजनं स्वतःची आडत टाकली. ती चांगली चालली, त्यानं बंगला बांधला आणि लातूरहून कारागीर आणून हॉल सजवला. महानंदाच्या साऱ्या वस्तू गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत गेल्या. "आई, बाजारातली मोठी माणसं घरी येत्यात. हे भंगार बघून काय म्हणतील?" ती भांडली नाही. मला फोनवर एवढंच म्हणाली, "पोरगं चांगलं हाय हो माझं. फक्त माझं एखादं तरी खाली ठेवाय पायजे होतं..." हे ऐकून मलाच इतकं लागलं की त्याच्याशी मी बरेच दिवस धड बोलले नाही.

शेवटची वस्तू तिनं त्या पत्र्याच्या खोलीतच केली. गुडघे गेले, लिंगपूजेला खाली बसलं की उठता येईना, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत मांडी मावेना. मग मोडक्या चौकटीचं सागवान जुळवून तिनं ऐसपैस खुर्ची केली. पाठ सरळ, बसायला मिलच्या मशीनच्या झिजलेल्या पट्ट्यांची घट्ट वीण. रोज सकाळी कठडा धरत जिना चढायची, खुर्चीत मांडी घालायची आणि गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायची. ही खुर्ची खाली आणू का, असं तिनं लेकाला एकदा विचारलं. "बघू," म्हणाला तो.

मी पोचले तेव्हा हॉलमध्ये निराळीच अडचण होती. लिंगायतांत मयताला निजवत नाहीत, मांडी घालून बसवतात. लातूरच्या कारागिरांनी केलेल्या खोल, मऊ सोफ्यात महानंदा रुतत होती, एका अंगाला कलत होती. दोन्ही बाजूंनी बायका तिला धरून होत्या. शेवटी भावकीतला एक म्हातारा वैतागला, "अरं, एवढ्या मोठ्या घरात ताठ बसायजोगं काहीच न्हाई का?"

शिवराज उठला. वर गेला आणि खुर्ची खांद्यावर घेऊन खाली आला. जिन्यातच रडत होता. तिला त्या खुर्चीत बसवलं, मग कुणाला धरावं लागलं नाही. तेव्हा कुठं मला रडू फुटलं. बाईला आपल्या वस्तूसाठी खालच्या मजल्यावर जागा मिळाली, पण ती अशी.

परवा पुन्हा जाऊन आले. खुर्ची हॉलमध्ये सोफ्याशेजारीच होती. मयताची खुर्ची घरात कशाला, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगून पाहिलं होतं म्हणे. "आपल्यात कुठं सुतक असतं मावशी?" शिवराज म्हणाला. मी पट्ट्यांवरून हात फिरवला. मधली वीण सैल पडली होती.

"मीच पाडली सैल," तो म्हणाला. "सकाळी पूजेला मी बसतो हिच्यात. तिच्यापेक्षा जड हाय ना..." मग बराच वेळ तो त्या पट्ट्याचं टोक बोटानं आत खुपसत राहिला.

"हे आवळायचं कसं, तिला विचारायचं राहूनच गेलं, मावशी."