आग्रह न करणारा लॅपटॉप

नणंदेच्या बाळाचं बारसं नाशिकला, आणि माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन इथं पाटसला पलंगावर. घरातल्या प्रत्येक बाळाचा पाळणा त्यांनीच म्हटलेला. आता लेकीच्याच बाळाचा चुकणार म्हणून जेवणावरून मन उडालं होतं. शेवटी ह्यांनी नवा लॅपटॉप आणला, त्यांच्यापुढं ठेवला आणि कामावर पळाले.

मी शेवंती तोडून घरात आले तर आत्याबाई पडद्यासमोर गाल फुगवून बसलेल्या.

"काय झालं?"

"स्वागत केलं की त्यानं मराठीत. इचारलं, सगळं दाखवू का? म्या म्हणलं नको. माईक चालू करू का? त्यालाबी नको."

"अहो, नको कशाला?"

"मंग हावऱ्यावानी लगीच हो म्हणायचं व्हय? पुन्यांदा इचारंल वाटलं. त्यानं गप तोंडच मिटलं!"

आता घ्या! आमच्याकडं पहिला नको कुणी धरतच नाही. पाहुणा चहाला नको म्हणाला, तरी आधण ठेवलेलंच असतं.

तेवढ्यात नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. पाळणा सजलेला, बायका जमलेल्या. आत्याबाईंनी सूर लावला, तर तिकडं सगळ्या ऐकू येत नाही म्हणून कानाला हात लावून मान हलवायला लागल्या. माझा मोबाईल नेमका मेलेला. आत्याबाईंचा चेहराच उतरला. "ऱ्हाऊ दे गं. न्हाई माझ्या नशिबात."

मला असला राग आला! हे नेहमी म्हणतात, लॅपटॉपची ती स्वागतं-बिगतं म्हणजे डोक्याला ताप. ज्याला सगळं येतं त्याला असेल ताप! नव्या माणसाला या-बसा म्हणायलाच पाहिजे, आणि तो नको म्हणाला तर दुसऱ्या दिवशी परत विचारायला पाहिजे. नणंदेला हातानंच थांब म्हटलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं मदतीचं प्रश्नचिन्ह दाबलं. मघाचं स्वागत पहिल्यापासून सुरू झालं.

"आत्याबाई, आता लाजू नका. सरळ हो म्हणा."

त्यांनी हो दाबलं. माईक चालू झाला. बाहेर उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चाललेले, त्यांच्याही वर आवाज चढवून त्यांनी अख्खा पाळणा म्हटला.

तिकडं नणंद हुंदके द्यायला लागली. "ए, गप! वल्या बाळंतिणीनं रडू नये," आत्याबाई दटावत होत्या, आणि त्यांचे डोळे मी पुसत होते.