चिठ्ठीवरचं तोंड

माझ्या मेहुण्यानं मला फसवलं, आणि शिबिरवाल्यांनी आम्हा दोघांनाही.

पैठण रोडला चितेगावात लाकडी खोकी बनवायचं माझं वर्कशॉप आहे. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तिथं सुपरवायझर. गुटख्यावर बंदी आहे म्हणतात. फाटकासमोरच्या टपरीवर मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते, हा दोन्ही तोंडात एक करतो. दिवाळीपासून त्याला तिखट सोसेना. भाकरी दुधात कुस्करून खायचा. दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायचा, "नाय दाजी, तपासलं की नसलेलं पण निघतं."

म्हणून मी तोंडाच्या कॅन्सरचं तपासणी शिबिर थेट वर्कशॉपमध्येच आणलं. शिबिरवाले रविवार म्हणत होते. घासाघीस करून मी कामाचा दिवस घेतला. कामगारांना सांगितलं, तपासल्याची चिठ्ठी दाखवा, अर्धा दिवस पगारी सुट्टी. मेहुण्याचीही चिठ्ठी आली: दोष नाही. मी निर्धास्त झालो. बायकोलाही तसंच सांगितलं.

उन्हाळ्यात त्याचं तोंडच उघडेना, दोन बोटंही आत जाईनात. शहरातल्या डॉक्टरांनी गालातून तुकडा काढला आणि विचारलं, "आधी कुठं दाखवलं नाही?" मी ऐटीत चिठ्ठी पुढं केली.

मेहुणा खाली बघून बोलला, "दाजी, ते तोंड माझं नव्हतं."

आमचा रंगारी सुपारीलाही शिवत नाही. ह्यानं त्यालाच आपल्या नावानं पुन्हा रांगेत उभं केलं होतं. टेबलावरच्यानं नाव लिहिलं, टॉर्च मारली, सही केली, "पुढचा". दाढीला पिवळा रंग लागलेला तोच माणूस पाच मिनिटांत दोनदा समोर येतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही!

मी शिबिरवाल्यांच्या ऑफिसात गेलो. "साहेब, आमची नोंद पूर्ण आहे," तिथला माणूस म्हणाला. "खोटं नाव तुमच्याच माणसानं सांगितलं."

"त्याला घरी लई शिव्या घालून झाल्या. आता तुमची पाळी."

त्यांनी चहा मागवला. मी कपाला शिवलो नाही.

सुट्टीचं आमिष माझं, ते मी बायकोसमोर कबूल केलं. मेहुण्यानंही आपलं कबूल केलं. तुकड्याचा रिपोर्ट वाईट आलाय, सोमवारी ऑपरेशन आहे. चिठ्ठी माझ्या खिशात आहे आणि सही स्वच्छ वाचता येते. ज्याची आहे त्यानं सोमवारच्या आत यावं, मेहुण्याच्या खाटेशी उभं राहावं आणि माझ्या बायकोला सांगावं, त्या दिवशी टॉर्च मारून त्यानं नेमकं काय तपासलं.