तेल लावलेला डीएनए

तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? अकोल्याच्या आमच्या कॉलेजात बारावीला बायोलॉजी शिकवता शिकवता माझे केस पिकले. आणि प्रिन्सिपॉल म्हणतात काय, "विज्ञान प्रदर्शनात तुम्हा दोघींपैकी जिचं डीएनएचं मॉडेल भारी, बारावी तिची." दुसरी कोण, तर काल आलेली शिंदे मॅडम! माझी बारावी, अन् तिच्यासाठी स्पर्धा मी करायची?

तिनं थर्माकोलची शिडी केली. पायऱ्यांमध्ये हात जाईल एवढ्या फटी!

"अहो, डीएनए काय आंबे उतरवायची शिडी आहे?" मी म्हटलं. "या पायऱ्या म्हणजे बेसच्या जोड्या. त्या एकीवर एक बसतात, अगदी चळत लागते. त्या सपाट असतात, एकमेकींना ओढतात, आणि पाण्याचं तर त्यांना वावडं. पाण्याला टाळून आत एकमेकींना बिलगतात."

"हो, मॅडम," ती म्हणाली. इतकंच. माझं डोकं आणखी फिरलं.

मग मी उडदाचे पापड घेतले. सासूबाईंनी वर्षभरासाठी लाटलेले. पाण्याचं वावडं दाखवायचं म्हणून प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी तेल चोपडलं. तेलकट तेलकटालाच चिकटणार ना? एकावर एक, प्रत्येक जरासा सरकवून, पीळ घेत गुडघाभर उंच चळत उभी केली. काय देखणी दिसत होती!

प्रिन्सिपॉल आले आणि त्यांनी टेबलाला हात टेकला. सगळी चळत सुळकन घसरली, पापड त्यांच्या बुटांवर.

"मॅडम," शिंदे हळूच म्हणाली, "पेशीत सभोवती पाणी असतं. बाहेरचं पाणीच त्यांना एकत्र ढकलतं. इथं पाणीच नाही."

पाणीच नाही? हे मला सांगते? मी पापड पुन्हा रचले आणि रागारागात त्यांवर पाण्याची कळशीच उपडी केली! चिकटले हो. असे चिकटले की एक वेगळा होईना. खाली काळपट गोळा, वर तेलाचा तवंग.

"लई घट्ट बसला तुमचा डीएनए," प्रिन्सिपॉल म्हणाले आणि बूट झटकत गेले.

बारावी तिची झाली. वर्गावरून जाताना बघते तर काय, फळ्यावर माझ्या घसरलेल्या पापडांचा फोटो, प्रदर्शनात कुणी काढला कोण जाणे! शिंदे सांगत होती, "पाणी काढून घेतलं तर चळतीचं काय होईल, बघा." पोरं माना डोलावत होती. सगळ्यांना कळलं होतं.

माझ्या वर्गात हे कधी कुणाला कळलं नव्हतं. प्रिन्सिपॉल म्हणतात, "मॅडम, दरवर्षी एवढी चळत पाडत जा. शिकवायचं शिंदे मॅडम बघतील."