बस्त्याच्या दिवशीचं पीठ

रंजनाविषयी मला फारसं माहीत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. आमच्या दोन खोल्यांत एकच भिंत होती आणि अकरा वर्षं ती त्या भिंतीपलीकडे वाढली. पण तिचा वाढदिवस कधी असतो ते मला ठाऊक नाही, तिची आई कोणत्या दुखण्याने गेली तेही मी कधी नीट विचारलं नाही. लग्न जमल्यावर दोन महिने ती रोज दुपारी माझ्या मागच्या दाराशी येऊन बसायची. माझ्याकडे लिहिण्यासारखं आहे ते तेवढंच. मी उधन्याच्या एका मिलमध्ये हजेरी घ्यायचो. नावापुढे खूण करण्यापलीकडे आयुष्यात काही लिहिलेलं नाही, तेव्हा हे जमेल तसं जमेल.

सुरतेला गोडादऱ्यातल्या आमच्या चाळीत सगळी खानदेशातलीच माणसं होती, बहुतेक लूमवर जाणारी. रंजनाचे वडील बळीराम बारा तासांच्या पाळीवर असायचे. रंजना सकाळी उधन्याला शिवणाच्या वर्गाला जायची, दुपारी घरी येऊन साड्यांना लेस लावायची, संध्याकाळी स्वयंपाक. सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत तिचं लग्न जमलं. मुलगा दिलीप बारडोलीच्या साखर कारखान्यात होता. त्याचं घर दोंडाईच्याजवळच्या खेड्यात, पण बारडोलीला त्याने एक खोली घेतली होती. म्हणजे लग्नानंतर रंजना बारडोलीला राहणार, आणि तिथून सकाळच्या पॅसेंजरने उधन्याला येऊन शिवणाचा वर्ग पुरा करणार, असं ठरलं होतं. परीक्षा जुलैत होती. प्रमाणपत्र मिळालं की ती बारडोलीत मशीन टाकणार होती. पॅसेंजरची वेळ तिने मला चार वेळा तरी विचारली असेल. मी दर वेळी तीच सांगितली.

अडचण होती ती सासूची. सुभद्राबाईंनी साखरपुड्यातच बळीरामला सांगून ठेवलं होतं की मुलगी बिनआईची, वाढली सुरतेत, शिकली गुजराती शाळेत; बस्त्याला येऊ तेव्हा तिच्या हातचे मांडे खाऊ आणि मग बघू. आमच्याकडे लग्नाच्या कपड्यांची खरेदी, म्हणजे बस्ता, दोन्ही घरची माणसं मिळून करतात आणि सगळा खानदेश त्यासाठी सुरतेला येतो. मांडा म्हणजे पुरणाची पोळीच, पण ती लाटणं सोडून हातांवर ताणत ताणत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. रंजनाने ती खाल्ली होती, केली कधीच नव्हती.

माझी बायको पार्वती मांड्यांसाठी ओळखली जायची. लग्नाच्या घरी तिला बोलावून नेत. ती गेल्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. रंजना एक दिवस दारात येऊन म्हणाली, "आबा, काकूचं खापर आहे का अजून?"

"आहे."

"आणि तुम्हाला येतात का मांडे?"

"मला? मी फक्त पीठ चाळायचो. आणि जाळ बघायचो."

"मग बघितलं तर असेल ना. बघितलेलं सांगा."

अशी सुरुवात झाली. मागच्या मोकळ्या जागेत तीन विटांची चूल मांडली. पीठ माझ्याकडे. दर वर्षी माझा पुतण्या गावाकडून गव्हाचं एक पोतं आणून टाकायचा. त्यातलं थोडं थोडं मी दळून आणायचो, पार्वतीच्या जुन्या मऊ लुगड्यातून दोनदा गाळायचो. कणीक रंजना तिंबायची, आपटायची, पुन्हा तिंबायची. पहिल्या आठवड्यात एकही मांडा खापरापर्यंत पोचला नाही. फाटलेले आम्ही दुधाबरोबर खाल्ले. इतकं गोड मी वर्षानुवर्षांत खाल्लं नव्हतं.

"आबा, काहीतरी बोला ना," ती म्हणायची. "नुसते बघत बसता, मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

"अजून जाड आहे," मी म्हणालो.

"मी का मांडा?"

मला हसता आलं नाही, म्हणजे हसू आलं पण मी चुलीत फुंकर घातली. मला पटकन उत्तर सुचत नाही. सुचतं ते माणूस गेल्यावर.

तिच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. लग्नापर्यंत करायच्या गोष्टी. एकदा परात आणायला गेलो तेव्हा दिसला. पाचला उठणे, मांडे, शिवणाची फाइल पुरी करणे, मोठ्याने हसणे बंद, गुजराती बोलणे बंद. कागद सगळा गुजराती लिपीत होता. मी वाचतोय हे पाहून ती म्हणाली, "शेवटचं अजून जमत नाही. चालो, एक दिवस थई जशे." आणि मोठ्याने हसली.

मार्च लागेपर्यंत तिचा हात बसला. मांडा कोपराच्या पुढे जायचा आणि त्यातून पलीकडची चूल दिसायची. पार्वती असती तर तिने काय म्हटलं असतं मला सांगता येणार नाही, पण तिने तो हातात धरून बघितला असता.

आता जे सांगायचं ते. बस्त्याच्या आठ दिवस आधी पोतं संपलं. पुतण्याचं पत्र आलं की होळीनंतर येतो. मी रंजनाला बोललो नाही. बोललो असतो तर ती चाळीत चार घरी विचारून गावाकडचं पीठ घेऊन आली असती, कुणीही दिलं असतं. पण त्या सगळ्यात पीठ हे एकच काम माझ्याकडे होतं. तेही दुसऱ्या कुणी केलं तर दुपारी मी तिथे कशाला बसायचं, असं मला वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं ते असंच होतं. मी चक्कीवर गेलो आणि तिथलाच गहू दळून आणला. तो इकडचा, लाडू-लापशीचा कोरडा गहू होता. पीठ चिमटीत घेतलं तेव्हाच ते रव्यासारखं लागलं. मी ते तीनदा गाळलं आणि होईल असं मनाला सांगितलं.

बस्त्याला सोळा माणसं आली. दिलीप आला नाही, कारखान्याचं गाळप चालू होतं, रजा मिळाली नाही. बाजारात सकाळभर खरेदी झाली. एका भारी साडीच्या घडीत आत तुटलेली तार होती, ती रंजनाने दुकानदाराला दाखवली आणि साडी बदलून घेतली. सुभद्राबाई खूश होत्या. चाळीत येताना सगळ्यांना सांगत होत्या, "पोरना डोया तेज शेतस हां!" पुरुष माझ्या खोलीत टेकले. बायका मागे चुलीभोवती बसल्या. मी जाळ बघायला बसलो.

रंजनाने पहिला मांडा हातावर घेतला. मनगट ओलांडायच्या आत तो मधोमध फाटला. ती हसली, गोळा बाजूला ठेवला, दुसरा घेतला. तोही फाटला. तिसऱ्याला तिने ताणायच्या आधी कणीक बोटांत घोळवली आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचं थांबवलं.

"हाऊ मांडा शे का फाटेल रुमाल?" एक बाई म्हणाली आणि बाकीच्या हसल्या.

"सुरतनी पोर शे माय. खापर तिले काय म्हाईत!"

सुभद्राबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, परातीतल्या कणकेत बोट घातलं, ओढून पाहिलं. "हात चांगला शे तुना," त्या म्हणाल्या. "पीठच वाईट शे. कोनी आनं हाई?"

मी तिथे होतो. त्यांच्यापासून दोन हातांवर, हातात फुंकणी. "मी" म्हणायला किती वेळ लागतो? मी फुंकणी तोंडाला लावली. इतक्या माणसांसमोर मी कधी बोललेलो नाही, पण ते कारण काही पुरत नाही.

"मीच आणलं, आत्याबाई," रंजना म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुले पीठ कयत नही?"

"चुकलं माझं."

सुभद्राबाई काही वाईट बाई नव्हत्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग बळीरामला हाक मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या की पोरगी गुणाची आहे, लग्न ठरल्याप्रमाणेच होईल, पण घर अजून तिला कळत नाही, तेव्हा आधी गावी आपल्याजवळ राहावं. "दोन वरीस मनाजोडे ऱ्हाऊ दे. शिकी जाई. मंग जाऊ दे बारडोलीले."

बळीरामने हात जोडले. लग्न मोडलं नाही याचाच त्याला आनंद झाला होता. रंजनाने उरलेल्या कणकेच्या पुऱ्या तळल्या आणि सोळा जणांना वाढल्या. मलाही वाढल्या.

पुढच्या आठवड्यात ती उधन्याला जाऊन वर्गाच्या बाईंना सांगून आली. परत आली तेव्हा मी दारात होतो. "फाइल ठेवून घेतली त्यांनी," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या." पुढच्या वर्षीही ती गावीच असणार होती. त्यानंतर दुपारी ती मागे आली नाही. यायचं कारणच उरलं नव्हतं; मांडे आता सासूच शिकवणार होती. भिंतीपलीकडून लेस लावायच्या मशीनचा आवाज यायचा. मी ठरवायचो की मशीन थांबलं की जाऊन सांगू. बळीरामला सांगू, सुभद्राबाईंना एक पत्र टाकू. पत्राला मी "सौ. सुभद्राबाई यांस" एवढी सुरुवात केली आणि पुढे काय लिहावं ते कळलं नाही. मशीन थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं.

तिने ते स्वतःवर का घेतलं, हे मला अजून कळलेलं नाही. माझी दया आली असेल, की माणसांत तमाशा नको वाटला असेल, की म्हाताऱ्याकडून शिकले हेच सासरी सांगायचं नसेल. तिला ओळखणाऱ्या माणसाला ते सांगता आलं असतं.

यंदाच्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती दोन वर्षं पुरी होतील. बळीराम लग्नानंतर लगेच भावाकडे राहायला गेला, त्याच्या खोलीत आता दुसरे लोक आहेत. सुभद्राबाईंनी शब्द पाळून तिला बारडोलीला पाठवलं की नाही, शिवण पुन्हा सुरू झालं की नाही, मला माहीत नाही. बारडोली इथून पॅसेंजरने फार लांब नाही. दोनदा स्टेशनपर्यंत जाऊन आलो.

मी तिला शेवटचं पाहिलं ते लग्नाच्या वेळी. लग्न गावी होतं. निघायच्या सकाळी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता, बळीराम गाद्या चढवत होता. रंजनाच्या हातांना हळद होती. ती एकटीच माझ्या दारात आली. आज सांगायचंच म्हणून मी पहाटेपासून वाक्य जुळवून बसलो होतो, आणि ती समोर उभी राहिली तेव्हा ते माझ्याजवळ तयार होतं.

"आबा, तुम्ही येत नाही ना?"

"गुडघा दुखतोय."

"बरं. नळाला पाणी आलंय. तुमची बादली लावलीय, भरली की काढा."

"काढतो," मी म्हणालो.