कच्चं शेण

अन्याय झाला तो कडोलीच्या परशराम आप्पांवर. गेल्या आषाढातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, देवळासमोर, भरसभेत. करणारी मी.

सोमवारी गावात औत धरत नाहीत, म्हणून सभा त्या दिवशी. ‘युरिया हटवा, शेणखत घाला, हवा वाचवा’ हे पत्रक मीच लिहिलेलं. आप्पांची खोड सगळ्यांना ठाऊक होती. कुणाच्याही खताच्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालायचे आणि हुंगायचे. “शेणाचा वास आला तर कच्चं. मातीचा आला तर खत.” सभेतही ते पत्रक हातात घेऊन उठले.

“पोरी, कुजलेलं का कच्चं, ते लिवलंच न्हाईस. साचल्या पाण्यात कच्चं शेण घातलं की भात पिवळं पडतंय, चिखलातनं गॅस सुटतोय. मग हवा कसली वाचतीया?”

“आप्पा, युरियावाल्यांनी पाठवलं काय तुम्हाला?” मी माईकवरून विचारलं. सभा हसली. उद्यमबागेतल्या ओतकामाच्या कारखान्यात जन्मभर भट्टीपुढे ताठ उभा राहिलेला माणूस मान खाली घालून बसला.

त्यांच्या बांधाशेजारच्या शांताक्कांनी मात्र पत्रक खरं मानलं. गोठ्यातलं ओलं शेण थेट लावणीच्या चिखलात टाकलं. महिन्याभरात भात पिवळं. मी धावत गेले, तर आप्पा आधीच चिखलात उभे. त्यांनी काठी खुपसली. आधण आल्यासारखे बुडबुडे वर आले. रोप उपटलं. मुळं काळी, वास सडक्या अंड्याचा.

“हुंग गं. हे तुझं पत्रक.”

त्यांनी बांध फोडायला खोरं उचललं. शांताक्का आडव्या आल्या. “आप्पा, पाणी सोडलं आणि पाऊस आला न्हाय तर? वर्साचं खाणं हाय माझं!”

“ठेवलं तरी जातंयच की, आक्का. मुळास्नी वारं लागू दे.”

बांध फुटला. आठ दिवस आभाळ कोरडं. भेगा पडल्या. शांताक्का माझ्याकडे बघेनात. आप्पा रोज सकाळी एक रोप उपटून मुळं बघायचे, पुन्हा रोवायचे. नवव्या दिवशी एक पांढरं मूळ दिसलं. त्याच संध्याकाळी पाऊस आला. निम्मं भात वाचलं.

मी आप्पांच्या घरी माफी मागायला गेले. ते म्हणाले, “घरात कशाला? सभा हसवलीस, सभेत सांग.”

सुगीनंतर सभा ठरली. तिच्या आधीच आप्पा गेले.

म्हणून इथे सांगते. ते पत्रक घरात असेल तर फाडा. येत्या सोमवारी खताच्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घाला. शेणाचा वास आला तर ते भातात घालू नका. कुणी घाला म्हणालं, तर भरसभेत उभे राहा आणि बसू नका. माईक माझ्या हातात असला तरी.